सातवी फळी

माझ्याकडे तेव्हा शंभर फुटी टेप होता,
लाल रंगाचा डबा, आणि तीन रकान्यांचा फॉर्म.
तिन्ही रकान्यांत पाडायचंच होतं,
फरक फक्त केव्हा, एवढाच.

एरंडोलची जुनी पेठ. मे महिना.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
सुपडू सुतार ओट्यावरून म्हणाला,
"कसाले मोजस वं बहीन? पाडानं शे का?"
मी म्हटलं, नुसती नोंद आहे.
तो हसला नाही.
"नोंद ते मरेलनी बी व्हस."

त्याच्या दुकानाला दार नव्हतं, आठ फळ्या होत्या.
सकाळी एकेक काढायची, रात्री एकेक बसवायची.
आकडे नाहीत. कडेला पटाशीचे काप,
एक काप, दोन काप, तीन,
ज्यानं केले त्याला लिहिता येत नव्हतं,
पण चौथी फळी पाचवीच्या जागी
कधी बसली नाही.
सातवी नव्हती. तिथे तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला.

मी डबा उघडला नाही त्या दिवशी.
ऊन फार होतं, असं साहेबांना सांगितलं.

मग पेठेत मी उगाच जाऊ लागले.
याकूब पेंटर शिडीवर, हातात ओला फडका:
रिचार्जच्या फ्लेक्सखाली बी-बियाणं,
बियाण्याखाली छत्र्या दुरुस्त करून मिळतील,
आणि त्याच्याही खाली, निळीत,
एका रंगाऱ्याच्या नावातला नुसता 'ऱ्या'.
"पुरं नाव लिहून टाका ना," कुणी म्हणालं.
"मला माहीत नाही ते," याकूबभाई म्हणाले,
आणि 'ऱ्या' तेवढा पुसून, स्वच्छ करून, ठेवला.
आता पोरं त्या कोपऱ्याला ऱ्या म्हणतात.
"ऱ्यापाशी भेट." भेटतात.

काटाघर रिकामं होतं. कापूस आता
ट्रकातून थेट जिनिंगला जातो,
पेठेला विचारत नाही.
मोठा काटा मात्र तिथेच, परडी जमिनीला टेकलेली.
बालवाडीच्या तुळसाबाई म्हणाल्या,
पुस्तकं वजनावर द्या.
दर शनिवारी माणशी अर्धा किलो.
कवितांची चार येतात अर्ध्या किलोत,
शब्दकोशाला तीन पोरं लागतात,
तीन घरांत तो आळीपाळीनं झोपतो.
रद्दीच्या भावात आलेली सगळी.
काट्यावर चढली, म्हणून वाचली.

सगळं नाही वाचलं.
हिरालाल कासाराचं कोपऱ्यावरचं दुकान
आमचा कागद फिरेपर्यंत उतरलं होतं.
पोरगी नाशिकला नर्सिंगला, फी भरायची होती,
लोखंडी शटर चांगलं दिसतं असंही तो म्हणाला,
आणि मला उत्तर सुचलं नाही.
तांब्यावर पडणारी ती ठकठक
कुठल्या रकान्यात लिहायची असते?

सातवी फळी सापडली. बालवाडीत.
दोन दगडांवर ठेवून बाक केलेला,
खालून हात फिरवला तर सात काप.
मी म्हटलं, काढून आणू या.
सुपडूकाका बराच वेळ उभे राहिले.
बाकावर पाच पोरं, नाकं पुसत, बाराखडी म्हणत.
"राहू दे. तठे बरी शे ती."

नवी केली. रंधा मारला, तेल लावलं नाही,
काळी करा म्हणणाऱ्यांचं ऐकलं नाही.
नवं शे ते नवं दिसू दे, म्हणाले,
लोकं विचारतीन, मंग सांगता येईन.
शेवटी पटाशी घेऊन सात काप दिले,
सातवा जरा वाकडा गेला.

आज टेप घेऊन पुन्हा आले आहे.
फॉर्म तोच, साहेब नवे.
सात काळ्या फळ्या, त्यांत एक पिवळी,
पडलेल्या दाताजागी आलेल्या दातासारखी
थोडी मोठी वाटणारी.
सद्यस्थिती, असं छापलंय. पुढे रेघ.
मी लिहिते: वापरात.
शाई वाळायला थांबते. ऱ्यापाशी
कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय.